छत्री कुणाची, गच्ची कुणाची

आजचा भाग टीव्हीच्या छत्रीवर आहे. आमच्या अपार्टमेंटमध्ये या छत्रीवरून चार महिने वाद चालला. त्यात मी एक पार्टी होतो, तेव्हा मी जे सांगेन ते थोडं माझ्या बाजूनं असणार, एवढं धरून ऐका.

झालं असं. वडील गेल्यावर आई गावाकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आली. वय चौऱ्याहत्तर. तिला मोबाइलवर मालिका बघता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर तिला बघायच्याही नाहीत. तिला रिमोटवर नंबर दाबायचा आणि सह्याद्री लागली पाहिजे, झी मराठी लागलं पाहिजे. नातवंडं म्हणाली, "आजी, वायफायवर सगळं दिसतं की." तिनं एकदा प्रयत्न केला, मधेच पासवर्ड मागितला, तिनं रिमोट खाली ठेवला तो ठेवलाच. बिल्डिंगमध्ये केबल घेणारे दोन-तीनच उरले होते, त्यामुळे केबलवाल्यानं लाइन काढून नेलेली. मग राहिली डिश.

डिश लावायला मुलगा आला. बाल्कनीत गेला, मोबाइलवर होकायंत्र उघडलं, आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, "साहेब, इथून नाही होणार."

आता आमचा फ्लॅट गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर. गंगापूर रोडला गोदावरी उत्तरेला आहे. बिल्डरनं "रिव्हर व्ह्यू" म्हणून आमच्याकडून जास्तीचे पैसे घेतले होते, आणि आम्ही ते आनंदानं दिले होते. म्हणजे आमची बाल्कनी उत्तरेला. आणि टीव्हीचे उपग्रह सगळे दक्षिणेच्या अंगाला! हे मला पन्नाशीत कळलं.

हे जरा नीट सांगतो, कारण डिश घ्यायच्या आधी एवढं कळलं तर पुढचा बराच त्रास वाचतो. हे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून सुमारे 35,800 किलोमीटरवर असतात. पृथ्वीबरोबर त्याच वेगानं फिरतात, म्हणून आपल्याला आकाशात एका जागी टांगल्यासारखे असतात. नाशिक साधारण 20 अंश उत्तरेला, 74 अंश पूर्वेला. टाटा प्लेचा उपग्रह 83 अंश पूर्वेवर, डीडी फ्री डिशचा 93.5 वर, एअरटेलचा 108.2 वर. म्हणजे नाशिकहून बघितलं तर टाटा प्ले दक्षिणेच्या किंचित पूर्वेला आणि खूप वर, क्षितिजापासून साधारण 64 अंशांवर. फ्री डिश बरोबर आग्नेयेला, 57-58 अंशांवर. एअरटेल आणखी पूर्वेकडे आणि खाली, 45 अंशांच्या आसपास. दक्षिणेची मोकळी बाल्कनी असेल तर यातलं काहीही लागू शकतं. पूर्वेची असेल तर शेवटचं जमण्याची शक्यता जास्त. उत्तर आणि पश्चिमवाल्यांनी गच्चीचा विचार करावा.

दक्षिणेची बाल्कनी आहे म्हणजे झालं, असंही नाही बरं का. डोक्यावर वरच्या बाल्कनीचा स्लॅब असतो. 64 अंश म्हणजे जवळजवळ मान वर करून बघण्यासारखं. डिश कठड्याच्या उंचीवर असेल आणि तिथून वरच्या स्लॅबपर्यंत सहा फूट असतील, तर ती बाल्कनीच्या कडेपासून तीन फुटांपेक्षा आत गेली की स्लॅब आडवा येतो. पण डिशकडे बघून हे कळत नाही, कारण तिचं तोंड तिरकं बनवलेलं असतं. ती समोरच्या बिल्डिंगकडे बघतेय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ती त्याच्या बरीच वरचं पकडत असते.

एक गंमत सांगतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दिवसातून काही मिनिटं सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा टीव्हीवर चौकोन चौकोन होतात, आणि लोक कंपनीला फोन करतात. पण हाच वेळ उपयोगाचा आहे. नाशिकला टाटा प्लेसाठी तो मार्चमध्ये दुपारी बाराच्या सुमारास येतो, फ्री डिशसाठी सव्वाअकराच्या, एअरटेलसाठी दहाच्या. ऑक्टोबरमध्ये वीसेक मिनिटं अलीकडे. त्या वेळी बाल्कनीत जिथे ऊन पडतं, तिथून तो उपग्रह दिसतो. जिथे सावली, तिथे नाही. कुठलं यंत्र नको, ॲप नको.

आमच्या बाल्कनीत मार्चमध्ये ऊनच येत नाही. तेव्हा गच्ची.

आता खरी गोष्ट सुरू होते. मी सेक्रेटरींना विचारायला गेलो, तर ते म्हणाले, "ठराव झालाय, गच्चीवर डिश बंद." ठराव कशामुळे? तर सातव्या मजल्यावरच्या काकूंमुळे. मी मनातून चिडलो. काकूंना काय, त्यांना वरची गच्ची जवळ! मग मी त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी मला बेडरूमचं छत दाखवलं. पिवळे डाग, पोपडे, आणि कोपऱ्यात एक टब ठेवलेला. वर गच्चीवर पूर्वी अकरा डिश होत्या. प्रत्येकानं आपापला माणूस आणला, त्यानं सोयीची जागा बघितली, ड्रिल मारलं, चार बोल्ट ठोकले आणि गेला. एक डिश म्हणजे गच्चीच्या कोब्यात चार भोकं. कुणी गेलं, कनेक्शन बंद केलं, तर बॉक्स परत जातो, पण छत्री आणि भोकं तिथंच. नाशिकचा जुलै त्या भोकांतून काकूंच्या बेडरूममध्ये उतरत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईला टीव्ही नको असं मी कशाला म्हणेन रे? पण माझ्या डोक्यावर नको."

यावर मला काही बोलता आलं नाही.

कायद्याचं थोडं बघितलं. आमची बिल्डिंग सोसायटी नाही, 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्टखालची अपार्टमेंट आहे. या कायद्यात गच्ची सामाईक आहे आणि प्रत्येक फ्लॅटमालकाचा तिच्यात अविभक्त हिस्सा आहे. आपण वापरू शकतो, पण दुसऱ्याच्या हक्काला धक्का न लावता. म्हणजे मी म्हणत होतो "गच्ची माझीपण आहे" तेही खरं, आणि काकू म्हणत होत्या तेही त्याच कायद्यातलं. अमेरिकेत 1996 पासून नियम आहे की स्वतःच्या बाल्कनीत एक मीटरपर्यंतची डिश लावायला साधारणपणे मनाई करता येत नाही. ते वाचून मला जोर आला होता, पण पुढची ओळ अशी की सामाईक छताला तो नियम लागू नाही. तिकडेही गच्चीचं भांडण गच्चीवरच राहतं.

मार्ग निघाला तो एका तरुण भाडेकरूमुळे. तो म्हणाला, "एवढ्या डिश हव्यात कशाला? एक लावा आणि सगळ्यांना वायर द्या." यावर आमच्यातले एक काका म्हणाले, स्प्लिटर लावू, पन्नास रुपयांत काम. तसं चालत नाही, का ते सांगतो. प्रत्येक घरातला बॉक्स वायरीतून वर 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला सांगतो, मला या प्रकारच्या लहरी दे किंवा त्या प्रकारच्या दे. एकाच वायरीवर दोन घरांनी वेगवेगळं मागितलं की एकाचं चित्र जातं. त्यासाठी मल्टीस्विच नावाचा डबा येतो. तो सगळ्या प्रकारचे सिग्नल एकदमच खाली आणतो आणि ज्याला जे हवं ते त्याच्या वायरीवर देतो. फक्त वायर फार लांब झाली की सिग्नल अशक्त होतो, म्हणून डबा मधल्या मजल्याच्या डक्टमध्ये बसवावा लागला.

पुढचा अडथळा तंत्राचा नव्हताच. एक डिश म्हणजे एकच उपग्रह. नऊ घरं एका कंपनीला तयार, दोघांना दुसरीच हवी, आणि तळमजल्यावरच्या आजोबांना फ्री डिश, कारण तिला महिन्याचं भाडं नाही. बरोबर आहे त्यांचं, पेन्शनीत दर महिन्याला रिचार्ज कशाला? तीन सभा झाल्या. एका सभेत मी आवाज चढवला, त्याचं अजून वाईट वाटतं.

शेवटी तीन डिश ठरल्या. तिन्ही लिफ्टच्या मशीन रूमच्या उभ्या भिंतीवर, गच्चीच्या जमिनीला एकही भोक नाही. आणि त्याआधी अकरा जुन्या छत्र्या काढून, भोकं बुजवून, वॉटरप्रूफिंग. ते पैसे मेंटेनन्सच्या फंडातून. काकूंची एकच अट होती, आधी माझं छत आणि मग तुमचा टीव्ही, आणि ती सगळ्यांनी मान्य केली. त्यात दीड महिना गेला. आई तेवढे दिवस रेडिओ ऐकत होती आणि मला काही बोलत नव्हती, ते जास्त लागायचं.

आता लागतो टीव्ही. जोराचा पाऊस आला की जातो, कारण या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपासच्या असतात आणि पावसाचे थेंब त्या खातात. त्याला इलाज नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. परवा रात्री असाच गेला. आईनं रिमोट ठेवला आणि मला म्हणाली, "वर फोन करून विचार, गळत नाही ना." मी केला. गळत नव्हतं.

चला, भेटू पुढच्या भागात.