कळव्याची जमीन आणि आपली जमीन
(शिबिरातलं भाषण)



कळवा तुम्ही गाडीतून पाहिलंय. ठाण्याची खाडी ओलांडली की लगेच येतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर, मधी पट्टीभर जागा. गाव आगरी-कोळ्यांचं, भातावर आन मासळीवर जगणारं. १८५४ ला रेल्वे इथूनच कल्याणला गेली, १९१६ ला पारसिकच्या पोटातून बोगदा काढला, तरी गाव गावच राहिलं. बदललं ते १९६० नंतर, बेलापूर रस्त्याला कारखाने आले तेव्हा. १९८२ ला ठाण्याची महानगरपालिका झाली आन कळवा तिच्यात गेलं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला त्याचं काय? आहे. आदिवासींना जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा बघा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडं गेली असेल, तर ती परत मागता येते. पण त्यात एक बारीक अट आहे. ती सावकाराला पाठ आहे, आपल्याला नाही. ६ जुलै १९७४ च्या आधी त्या जमिनीचा बिनशेती वापर झाला असेल, तर ती परत नाही. म्हणजे बेलापूर पट्ट्यात जिथं तोवर कारखान्याची भिंत उभी राहिली, तिथं दार बंद. शहापूर-मुरबाडकडं तेव्हा काय होतं? भात, नागली, वरई, गवत. आपलं दार उघडं आहे.

गवताचा व्यापारी म्हणेल, ही शेती नव्हेच. खोटं. कूळकायद्यात गवत वाढवणं शेतीतच धरलंय.

जमीन फुकट मिळत नाही, हेही सांगतो. आकाराच्या ४८ पट रक्कम आन वर बांधबंदिस्तीसारख्या सुधारणांची किंमत भरायची. आकार दोन रुपये असेल तर शहाण्णव. हप्ते मिळतात. आन जमीन स्वतः कसू, असं लिहून द्यावं लागतं.

६ जुलै १९७४ नंतरचं निराळं. तिथं जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ लागतं. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. स्टॅम्पावर अंगठा घेतला म्हणून जमीन त्याची झाली नाही. आता रस्त्याकडेच्या जमिनी विचारत दलाल फिरतात, ते हे कलम कुणाला सांगत नाहीत.

तर जुना सातबारा काढा, १९५७ पासूनचा. तलाठी आज-उद्या करील. दोघं-तिघं मिळून जा, बाया बरोबर न्या. ज्याच्या बापाच्या नावाला कंस पडलाय, त्यानं शेजारचा फेरफार नंबर उतरून पुढच्या बैठकीला आणावा.