घरच्या घरी संस्कृत



मुलगा आठवीत जायचा झाला, की पुष्कळ घरांतून एक प्रश्न निघतो : संस्कृत घ्यावे की नाही? शिकायचे असते मुलाला, पण उत्तर येते ते आईबापांच्या भीतीतून. "आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, घरी अभ्यास कोण घेणार?" मग विषय तरी सुटतो, नाही तर शिकवणी लागते. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागायतदाराच्या घरात, साक्री-शिरपूरकडच्या अहिराणी बोलणाऱ्या घरात या भीतीच्या मागे आणखी एक समजूत दडलेली असते, की ही भाषा मुळी आपल्या घरची नव्हेच. ही समजूत उगीच झालेली नाही. शतकानुशतके ही विद्या मूठभरांनी आपल्यापुरती राखली. पण ती समजूत मुलांना वारशाने कशाला द्यावयाची?

माझे म्हणणे असे आहे, की ज्या आईला संस्कृत येत नाही तिने मुलाच्या शेजारी बसून ते शिकावे. याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. लेख संस्कृतात, पण अखेरीस दानाचा तपशील मराठीत कोरला आहे. एकाच दगडावर दोन्ही भाषा नांदतात, मग एका घरात का नांदू नयेत?

आरंभ शब्दरूपांच्या तक्त्याने मुळीच करू नका. 'देवः देवौ देवाः' पाठ करायला पुढे पुष्कळ वेळ आहे. घरातले शब्द घ्या. हात, कान, पान, काम, सात, आठ, दूध. प्रत्येकासमोर मूळ शब्द लिहा : हस्त, कर्ण, पर्ण, कर्म, सप्त, अष्ट, दुग्ध. आता मुलालाच विचारा, मध्ये काय घडले? थोडा वेळ द्या, तो सांगेल : जोडाक्षर मोडून एकच अक्षर उरले आणि त्याच्या आधीचा स्वर लांबला. प्राकृतांतून मराठीपर्यंत येताना कितीतरी शब्दांची अशीच वाटचाल झाली. आपला कापूसही 'कर्पास'मधून याच वाटेने आला. केळीची वाट जरा निराळी. 'कदली'तला द गळाला आणि केळ राहिली. एकदा हा नाद लागला, की पोर जेवताना ताटातले शब्द सोलू लागते!

भिंतीवरचे कॅलेंडरही काढा. लॅटिनमध्ये सातला सेप्टेम, आठला ऑक्टो, नवाला नोवेम आणि दहाला डेकेम म्हणतात. रोमन लोकांचे वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई, म्हणून सप्टेंबर हा सातवा महिना. सप्त, अष्ट, नव, दश यांची ही दूरची भावंडे पाहून मुलांना मोठी गंमत वाटते.

मग लहान लहान वाक्ये. बालकः गच्छति. बालिका गच्छति. मराठीत 'जातो' आणि 'जाते' असे दोन, संस्कृतात दोघांना एकच क्रियापद. इथे संस्कृत सोपे! द्विवचन तेवढे नवे आहे. त्यासाठी पोळ्याची बैलजोडी आठवा : एक तो वृषभः, जोडी ती वृषभौ. पुन्हा समजवावे लागणार नाही.

उच्चाराला मात्र जपावे. आपण मराठीत 'राम' म्हणताना म पाय मोडल्यासारखा म्हणतो. संस्कृतात शेवटचा अ पुरा उच्चारावयाचा. च म्हणावयाचा तो चहातला, चाकातला नव्हे. आणि ओळखीच्या शब्दांवर फार विसंबू नका. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, संस्कृतात शिकणे. आपला राग म्हणजे संताप, तिकडचा राग म्हणजे रंग किंवा आसक्ती.

पुस्तकांत पंडित सातवळेकरांचे 'संस्कृत स्वयंशिक्षक' घरी शिकणाऱ्यासाठीच लिहिलेले आहे. भांडारकरांची 'मार्गोपदेशिका' भक्कम खरी, पण नवशिक्या आईला एकटीने ती जड जाईल, वर्षभराने उघडावी.

विनोबांच्या आईला संस्कृत येत नव्हते. तिला गीता कळावी, या इच्छेतून मुलाच्या हातून 'गीताई' झाली. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांना गीता सांगितली तीही मराठीत, आणि साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली. तेव्हा आईने मुलाकडून शिकण्यात कमीपणा कसला? रोज पंधरा मिनिटे पुरेत. आज शाळेत काय झाले ते मुलाने आईला शिकवावे, आईने चुकावे, मुलाने दुरुस्त करावे. दोघेही अडलात, तर प्रश्न एका वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारून उत्तर घरी आणणे हे काम मुलाकडे.