घरच्यांचं सहकार्य अपुरं



अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, आभारी आहे. व्यावसायिक उपचार क्षेत्राची ही राज्यभराची परिषद मिरजेत भरते आहे याचा विशेष आनंद आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे रुग्णालय उभारलं, आणि दुखणं हाताबाहेर गेलं की मिरजेची गाडी धरायची हा या मुलखाचा रिवाजच होऊन गेला. संयोजकांनी व्यवस्था चोख ठेवली आहे, त्यांचे आभार. वर्षभरात आपल्यातून गेलेल्या सहकाऱ्यांना आपणा सर्वांच्या वतीने आदरांजली.

अध्यक्षाने क्षेत्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये आपल्या विषयाचं शिक्षण सुरू केलं, तिथपासून आजच्या मोटर लावलेल्या हातमोज्यांपर्यंतचा आढावा मी लिहूनही दिला आहे. तो स्मरणिकेत छापला आहे, परतीच्या गाडीत वाचा. इथे माईक हातात आहे तोवर मला एका कागदाबद्दल बोलायचं आहे. बरीच वर्षं बोलायचं होतं, पण कार्यक्रमपत्रिकेत तो विषय कधी आला नाही.

तो कागद तुम्हां सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वर दवाखान्याचं नाव, खाली ‘घरी करायचे व्यायाम’, मग रेघांच्या माणसांची बारा चित्रं आणि प्रत्येक चित्रापुढे ‘दहा वेळा, दिवसातून तीनदा’. डिस्चार्जच्या दिवशी बिलाची घाई असते, अँब्युलन्स खाली उभी असते, आणि त्या गडबडीत आपण तो पेशंटच्या आईच्या हातात देतो. दोन-तीन महिन्यांनी पेशंट परत येतो. कोपर आखडलेलं असतं, टाच टेकत नाही. आपण मान हलवतो आणि फाइलमध्ये लिहितो : घरच्यांचं सहकार्य अपुरं.

या तीन शब्दांविरुद्ध मी आज उभी आहे.

मी बोलते आहे ते लहान मुलांबद्दल नाही, पक्षाघात झालेल्या आजोबांबद्दलही नाही. त्यांच्यासाठी कुठे शाळा आहे, कुठे एखादी संस्था आहे, निदान सहानुभूती तरी आहे. मी बोलते आहे ते कर्त्या वयाच्या मुलांबद्दल. आमच्या भागात गाळप हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या राहतात. एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटून पोरगा मोटरसायकलवर निघतो, हेल्मेट आरशाला अडकवलेलं असतं. पुढचं तुम्हांला ठाऊक आहे. न्यूरोसर्जन जीव वाचवतात, आणि त्यांच्या कौशल्याला माझा नमस्कार आहे. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशनचा खर्चही निघतो. मग तो मुलगा घरी येतो, आणि घर कसं चालायचं याची योजना कुणाकडे नसते.

वाळवा तालुक्यातलं एक घर सांगते. मुलगा आयटीआय झालेला, पंचविशीच्या आतला. मेंदूला सूज आली म्हणून कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलेला. डोक्याला खळगा, पोटाला उंचवटा. ‘हाड पोटात आहे, तिथे दाबू नका’ एवढं सांगून घरी पाठवलेला. मी गेले तेव्हा आपला कागद कालनिर्णयाशेजारी खिळ्याला टांगलेला होता. माझ्याबरोबरचा तरुण सहकारी चिडला होता, कारण बारांपैकी जेमतेम दोन व्यायाम होत होते. मी त्या माउलीला दिवस विचारला. बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. दर तीन तासांनी नाकातल्या नळीतून पातळ पेज, डोकं उंच ठेवून, आणि नंतर अर्धा तास तसंच धरून, नाहीतर छातीत उतरते. फिटची गोळी कुटून नळीतून. डायपर, लघवीची पिशवी, घशातला कफ. शिवाय दोन म्हशींची धार, कारण औषधाचा पैसा दुधाच्या बिलातूनच यायचा. मुलगा सत्तर किलोचा, आई त्याच्या निम्म्याने. एवढं सांगून झाल्यावर ती कागदाकडे बोट करून म्हणाली, “ताई, ह्यातलं कायतरी सोडायला सांगा. मग तुमचं बी करते.”

आपला हिशेब बघा. बारा व्यायाम, दहा वेळा, तीनदा, म्हणजे दिवसाला ३६० हालचाली. एवढं काम नेमून द्यायचं आणि न झाल्याचा ठपका ठेवायचा, हे मुकादमालाही शोभणार नाही. त्या कागदाचा खरा उपयोग मला लवकरच कळला होता : मुलगा सुधारला तर यश उपचाराचं, नाही सुधारला तर आई आहेच.

गेल्या दोन दिवसांत या सभागृहात तीन वाद झाले. तिन्ही मी मागच्या खुर्चीत बसून ऐकले.

पहिला वाद सहा महिन्यांचा. मेंदूच्या इजेतून जे परत यायचं ते सहा महिन्यांत येतं, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, दोन वर्षं, पाच वर्षं, सुधारणा थांबत नाही. दोन्हींकडे आलेख होते. माझ्याकडे आलेख नाही, तासगावकडचा एक मुलगा आहे. तीन वर्षं आम्ही त्याच्यापुढे लाकडी खुंट्या आणि रंगीत ठोकळे मांडले, त्याने ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या वर्षी त्याचा मामा एसटीतून निवृत्त झाला आणि बहिणीकडे राहायला आला. मामाने काही उपचार केला नाही. रात्री त्याने उठायला सुरुवात केली आणि आई झोपायला लागली. झोप मिळाल्यावर ती मुलाशी बोलायला लागली, त्याला खुर्चीत घालून गोठ्यापाशी नेऊ लागली. त्या दिवाळीनंतर मुलगा म्हशीच्या पेंडीचं माप स्वतःच्या हाताने भरत होता, आणि आई चुकली तर तिला थांबवत होता. आता ही सुधारणा कितव्या महिन्यातली म्हणायची? घरात माणूस वाढलं त्या महिन्यातली. आपल्या कुठल्याही आलेखावर घरात माणसं किती हा अक्ष नाही.

१९७४ साली ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धी मोजायला पट्टी दिली; आज ती तीन ते पंधरा गुणांची आहे. डोळे उघडतो का, बोलतो का, हालतो का. आज तालुक्याच्या अपघात विभागातही तो आकडा लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या मुलाला उचलायला घरात हात किती, हे मोजण्याची पट्टी पन्नास वर्षांत आपण केली नाही. काळजीवाहकाचा भार मोजणारी झॅरिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे, आणि आपले पदव्युत्तर विद्यार्थी ती हौसेने भरून घेतात. बेरीज होते, प्रबंध होतो, पदवी मिळते. उत्तरं देणारी बाई त्या रात्रीही दोन तासांनी उठते.

दुसरा वाद यंत्रांचा. हाताला रोबो लावावा की नाही. जरूर लावा, माझा विरोध नाही. फक्त मला गेल्या इतक्या वर्षांत एकाही आईने रोबो मागितलेला नाही. तिने मागितलं ते हवेच्या गादीचा पंप बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस, आणि वीज गेल्यावर काय करायचं याचं उत्तर.

तिसरा वाद घर की संस्था. काल एका सहकाऱ्याने भरल्या गळ्याने सांगितलं की घरासारखी काळजी कुठेच होत नाही. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. या देशात मेंदूला इजा झालेल्या माणसाची सर्वांत दीर्घ, सर्वांत नावाजलेली शुश्रूषा घरात झालेली नाही. ती केईएमच्या वॉर्डात झाली. १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ साली प्राण जाईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, अरुणा शानभाग यांना त्यांच्या सहकारी परिचारिकांनी सांभाळलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या परिचारिकांचा गौरव केला. त्यांच्या मायेबद्दल आपण पुष्कळ बोलतो. माया तर होतीच, पण त्याबरोबर पाळ्या होत्या. सकाळची, दुपारची, रात्रीची. एकीची पाळी संपली की दुसरी यायची. निवृत्त झाली की नवी तुकडी यायची. घरातल्या आईला दुसरी पाळी नाही, साप्ताहिक सुट्टी नाही, निवृत्तीही नाही. म्हणून घर की संस्था हा प्रश्नच मला पटत नाही. माझा प्रश्न एवढाच की पाळी कोण बदलणार? ज्या घरात त्याचं उत्तर आहे ते घर चांगलं, आणि ज्या संस्थेत आहे ती संस्था चांगली.

अंथरुणाला खिळलेला मुलगा निदान लोकांना दिसतो. कपाळामागच्या भागाला मार लागलेला, चालता-बोलता मुलगा कुणालाच दिसत नाही. हात-पाय धड, पण स्वभाव पार बदललेला. बापाला शिव्या घालतो, आल्यागेल्याला पैसे वाटतो, ताटावर बसवल्याशिवाय जेवत नाही, आणि नातेवाईक म्हणतात, आळशी झालाय, लग्न करून द्या. दिव्यांग प्रमाणपत्राच्या मंडळापुढे तो नीट चालत जातो, नाव-गाव सांगतो, आणि टक्केवारी चाळीसच्या खाली येते. चाळीसच्या खाली म्हणजे सवलतींच्या दाराबाहेर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मेंदूच्या इजेला त्यात स्वतंत्र नाव नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी रकान्यात बसावं लागतं.

पालकत्वाचंही तसंच. बेशुद्ध मुलाच्या खात्यावरचे पैसे त्याच्याच औषधाला काढायचे तर बँक त्याची सही मागते. मुलगा सज्ञान आहे, बाप सही करू शकत नाही. १८९० चा पालकत्वाचा कायदा अज्ञान मुलांपुरता. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी; अपघातात डोकं फुटलेला तरुण त्यात सहजी बसत नाही. २०१६ च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व म्हणजे दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा, आणि बेशुद्ध मुलाबरोबर मिळून निर्णय कसा घेतात ते कुणी सांगत नाही. शेवटी उच्च न्यायालयात रिट. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांच्या पालकत्वाबद्दल मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, मुंबई उच्च न्यायालयानेही अशा अर्जांवर आदेश दिले आहेत. २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं, म्हणून आमच्या लोकांचा मुंबईचा हेलपाटा तरी वाचला. पण मुलाच्या डायपरसाठी बापाने हायकोर्टाची पायरी चढायची, ही व्यवस्था आपल्याला बघवते कशी?

न्यायालयांबद्दल मात्र एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. २०२० साली, रस्त्यावरच्या अपघातात मेंदूला जबर इजा झालेल्या एका मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने परिचारकांचा खर्च वेगळा धरला. एक नव्हे, दोन परिचारक. दोघांचे मिळून महिना दहा हजार, अठराच्या गुणकाने २१ लाख ६० हजार. रक्कम पुरेशी की अपुरी यावर वाद घालता येईल. पण चोवीस तासांना एक माणूस पुरत नाही, हे ज्या न्यायमूर्तींनी कधी कुणाची कूस बदलली नसेल त्यांना समजलं. आपण, ज्यांनी कूस बदलायला शिकवलं, आपल्या कागदावर एकच माणूस गृहीत धरतो आणि ती आई असते. त्याच २०१६ च्या कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. तो पदरात पडावा म्हणून आपल्या व्यवसायाने आवाज उठवलेला माझ्या ऐकिवात नाही. आपले ठराव वेतनश्रेणीचे असतात.

कुणी म्हणेल, बाई, मग व्यायाम करायचेच नाहीत का? सांधे आखडू द्यायचे? नाही. सांधे हलवायचे, पण ते काम आपलं आहे किंवा आपण शिकवलेल्या पगारी माणसाचं आहे. आईला फार तर दोन गोष्टी सांगा, त्याही आंघोळ घालताना, कपडे बदलताना आपोआप होतील अशा. ती त्याची आई आहे. तिला आपली बिनपगारी मदतनीस करून आपण त्या मुलाकडून आणखी एक माणूस काढून घेतो.

आता पुढच्या वर्षाची कामं. एक, बारा चित्रांचा तो कागद बंद करावा. त्याच्या जागी एक प्रश्न छापावा : रात्री कोण उठतं? उत्तर ‘एकटी आई’ असेल तर डिस्चार्ज पुरा झाला असं मानू नये. दोन, आपल्या विषयाचं शिक्षण देणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने संलग्न रुग्णालयात अशा मुलांसाठी काही खाटा राखाव्यात, आठवड्यातून एखादी रात्र, म्हणजे घरचे झोपतील. मनुष्यबळ कुठून आणायचं ते प्राचार्यांनी बसून ठरवावं. तीन, प्रमाणपत्र आणि पालकत्वाच्या प्रश्नावर वकील मंडळींना बरोबर घेऊन एक समिती नेमावी. तपशील कार्यकारिणीने पाहावा. मी यादी करणाऱ्यांतली नाही, भांडणाऱ्यांतली आहे.

उद्या खुल्या अधिवेशनात पहिल्या कामाचा ठराव मी स्वतः मांडणार आहे, आणि ‘घरच्यांचं सहकार्य अपुरं’ हा शेरा केस पेपरवर लिहू नये असं त्याला जोडणार आहे. कुजबुज माझ्या कानावर आली आहे. काहींना हा ठराव भावनिक वाटतो, काहींना अव्यवहार्य. विरोध जरूर करा, मतदान घेऊ. फक्त विरोधकांनी आपल्या एखाद्या पेशंटच्या घरी मुक्काम करून यावं, कूस बदलायची पाळी स्वतःकडे घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी बारा व्यायाम दहा वेळा, तीनदा करून दाखवावेत. जमले तर मी ठराव मागे घेईन.