फुलांच्या परागाचें औषध



पावसाळा सरत आला, माळावर गवत कंबरेइतकें वाढलें, कीं आपल्या पुष्कळ घरांतून सकाळीं एक ठराविक आवाज ऐकूं येऊं लागतो. कोणी एकामागून एक दहा-बारा शिंका देतो, कोणाचे डोळे चुरचुरतात, कोणाचें नाक दुपारपर्यंत वाहत राहतें. वडील मंडळी त्याला पडसें म्हणतात आणि काढा देतात. दिवाळी उलटली म्हणजे तें पडसें आपोआप जातें, व पुढच्या भाद्रपदांत पुन्हां हजर होतें. तें खरें पडसें नव्हे, हें आतां बहुतेकांस ठाऊक झालें आहे. हवेंतील परागकणांशीं शरीराचें वांकडें आलें म्हणजे असें होतें, आणि त्याला ॲलर्जी हें नांव आहे. या विकारावर जे उपाय आहेत त्यांत एक असा आहे कीं, ज्या परागानें त्रास होतो त्याचाच अर्क अत्यल्प मात्रेंत टोचावयाचा व ती मात्रा हळूहळू वाढवीत न्यावयाची. आज मला बोलावयाचें आहे तें याच उपायाविषयीं.

हा विषय निवडण्याचें कारण असें कीं, 'फुलांपासून केलेलें औषध' हे शब्द कानीं पडतांच आपलें मन निर्धास्त होतें. फूल म्हटलें कीं देवाची परडी आठवते, गुलकंद आठवतो. त्यानें अपाय तो काय होणार? परंतु ज्या द्रव्यानें या माणसाचा श्वास कोंडतो तेंच द्रव्य आपण सुईनें त्याच्या कातडीखालीं घालीत असतों, ही गोष्ट क्षणभरहि विसरून चालत नाहीं. मी कांहीं वैद्य नव्हे. शाळेंत मुलांना फुलांचे भाग शिकवितां शिकवितां या विषयाकडे वळलों. तेव्हां औषध कोणीं घ्यावें हें मी सांगणार नाहीं. तें डॉक्टरांचें काम आहे. घरच्या माणसांनीं काय पाहावें आणि काय विचारावें, एवढेंच माझें क्षेत्र.

प्रथम बिचाऱ्या सुंदर फुलांवरचा आळ दूर करूं. गुलाब, मोगरा, जाई यांना रंग आणि सुवास असतो तो कीटकांना बोलावण्यासाठीं. अशा फुलांचा पराग सामान्यतः जड आणि चिकट असतो. तो कीटकांच्या अंगाला लागून जातो, वाऱ्यावर फारसा उडत नाहीं. खरा त्रास देणारीं फुलें बहुधा अशीं असतात कीं त्यांना आपण फुलें म्हणतच नाहीं : गवताचे तुरे, राजगिऱ्याच्या जातीचीं तणें, एरंड, वावळ, कोंकणच्या किनाऱ्यावरील सुरू, ओसाड जागीं माजलेली वेडी बाभूळ. ज्या हरळीच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतों, ती फुलली म्हणजे तिचा पराग या विकारासाठीं जगभर कुप्रसिद्ध आहे. (कोंवळ्या जुडीचा यांत कांहीं दोष नाहीं, हें आतांच सांगून ठेवतों; नाहीं तर उद्यां माझ्याकडे पत्रें यावयाचीं.) गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्याच्या परिसरांत प्रथम नजरेस आलें आणि मग देशभर पसरलें, त्याच्या नुसत्या स्पर्शानेंहि कित्येकांच्या कातडीला खाज व चट्टे येतात. शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल हीं त्याच कुळांतलीं.

इंग्लंडांत या विकाराला 'हे फीव्हर', म्हणजे वाळल्या गवताचा ताप, असें म्हणतात. त्यांत वाळल्या गवताचा संबंध नाहीं आणि तापहि नाहीं. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ले यांना स्वतःलाच हा त्रास होता. त्यांनीं आपल्याच नाकाडोळ्यांवर निरनिराळे पराग लावून पाहिले, वरच्या हवेंत पराग असतो कीं काय हें कळावें म्हणून पतंगाला चिकट कांचपट्ट्या बांधून उडविल्या, आणि १८७३ सालीं आपलें पुस्तक प्रसिद्ध करून या कणांवरचा आरोप सिद्ध केला. पुढें १९११ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांतील लेनर्ड नून यांनीं टिमथी नांवाच्या गवताच्या परागाचा अर्क रोग्यांना टोचून त्याचा वृत्तांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापला. एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतक्या परागांतून जेवढें सत्त्व निघेल तेवढें त्यांनीं एक एकक मानलें. नून १९१३ सालीं क्षयानें वारले आणि त्यांचें काम त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनीं चालविलें. त्या पहिल्याच लेखांत नून यांनीं एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली आहे : मात्रा बेताची असेल तर रोग्याची सोशिकता वाढते, ती फार मोठी झाली किंवा फार लौकर लौकर दिली गेली, तर सोशिकता उलट घटते. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, अर्क तयार करण्याची रीत सुधारली, पण या वाक्यांत फरक करण्याचें कारण कोणास पडलेलें नाहीं.

शरीरांत काय घडतें तें थोडक्यांत असें. ॲलर्जीच्या माणसाच्या रक्तांत परागाविरुद्ध 'इम्युनोग्लोब्युलिन ई' नांवाचीं द्रव्यें तयार झालेलीं असतात. तीं कांहीं पेशींवर पहाऱ्यासारखीं बसतात आणि पराग येतांच त्या पेशींतून हिस्टमीन वगैरे दाहक द्रव्यें बाहेर सोडावयास लावतात. नेमक्या मात्रेंत पराग पुनःपुन्हां भेटत गेला, म्हणजे शरीर त्याच्या ओळखीचें होतें व हा दंगा कमी होत जातो. गोळ्या आणि नाकांतील फवारे दंगा झाल्यावर तो शमवितात. हा एकच उपाय मुळाशीं जातो. म्हणूनच त्याचें मोल मोठें आहे, आणि त्याला भिऊन दूर राहावें असें मला मुळींच सुचवावयाचें नाहीं.

मात्र तो सुरू करण्यापूर्वीं निदान पक्कें असावें लागतें. हातावर अर्काचे थेंब ठेवून सुईनें किंचित् टोचतात व गांधी उठते कीं काय हें पाहतात. पण गांधी उठली म्हणजे विकार आहेच असें नाहीं. पुष्कळ निरोगी माणसांनाहि ती उठते. ज्या वनस्पतीला गांधी उठली ती ज्या महिन्यांत फुलते, त्याच महिन्यांत रोग्याला त्रास होतो काय, हा ताळा जमला पाहिजे. घरच्यांनीं वर्षभर कॅलेंडरवर शिंकांचे दिवस टिपून ठेवले, तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. एकाच बाटलींत वीस-पंचवीस वस्तूंचे अर्क एकत्र करून दिलेले पाहिले म्हणजे मला शंका येते. नेम न धरतां सगळ्या दिशांना गोळ्या झाडण्यासारखें तें आहे.

आतां धोक्याविषयीं. टोचलेल्या जागीं सूज व खाज येणें हें नेहमींचेंच. त्याची काळजी नको. काळजी करावयाची ती सर्वांगाला होणाऱ्या विकृतीची, जिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. तळहात व तळपाय खाजूं लागतात, अंगावर पित्त उठतें, शिंका सुटतात, गळा आवळल्यासारखा वाटतो, छातींत घरघर होते, चेहरा पांढरा पडतो. आणि रक्ताचा दाब कोसळला तर माणूस दगावूंहि शकतो. कित्येक रोगी आरंभीं एवढेंच म्हणतात कीं, 'मला कांहीं तरी विचित्र वाटतें आहे.' हें वाक्य हंसण्यावारी नेऊं नये. न्यूयॉर्कचे रॉबर्ट कुक यांनीं १९२२ सालींच या धोक्याविषयीं लिहिलें होतें. ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीनें १९८६ सालीं जाहीर केलें कीं, १९५७ पासून तेथें अशा टोचण्यांनीं २६ माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर हें काम तेथें साध्या दवाखान्यांतून जवळजवळ उठलें, आणि जेथें जीव वांचविण्याची सर्व सामग्री आहे तेथेंच होऊं लागलें. उलट बाजूनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, अमेरिकेंतील १९९० ते २००१ या काळाच्या पाहणींत सुमारें २५ लाख टोचण्यांमागें एक मृत्यु, असें प्रमाण आढळलें. म्हणजे योग्य जागीं योग्य रीतीनें दिलेलें हें औषध धोक्याचें म्हणतां येत नाहीं. धोका शिरतो तो जागा आणि रीत सोडल्यामुळें.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीची हकीकत सांगतों. तिच्या औषधाच्या बाटल्या घरच्या शीतपेटींत ठेवलेल्या असत, आणि दर आठवड्याला गल्लींतला एक कंपाउंडर येऊन टोचून जाई. दवाखान्यांत जाऊन बसण्याचा वेळ वांचतो, एवढाच त्यांतला हेतु. एके दिवशीं पहिली बाटली संपली म्हणून त्यानें दुसरी उघडली, मात्रा मात्र पहिलीचीच घेतली. मुलगी लगेच सायकलवरून शिकवणीला निघाली. चौकापर्यंत पोंचते तों तिचे तळहात खाजूं लागले, ओंठ सुजले, व ती तेथेंच खालीं बसली. समोरच एका डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्यांच्याकडे ॲड्रेनॅलीन होतें, म्हणून ती आज आहे.

दुसऱ्या बाटलीचा अर्थ काय, तें पाहा. आपल्याकडे पुष्कळशा अर्कांवर परागाचें वजन आणि द्रवाचें माप यांचें प्रमाण लिहिलेलें असतें : एकास पांच हजार, एकास पांचशें, एकास पन्नास. एक बाटली चुकली कीं मात्रा एकदम दसपट होते! शिवाय वजनावरून अर्काचा जोर नीट कळत नाहीं. एकाच वजनाच्या दोन खेपांच्या परागांत सत्त्व कमीअधिक असूं शकतें. म्हणून त्याच प्रमाणाची नवी बाटली उघडली तरीहि जाणते डॉक्टर पहिली मात्रा कमी करतात. बाटलीवरील रोग्याचें नांव, प्रमाण आणि मुदत हीं तिन्ही दर वेळीं मोठ्यानें वाचून घ्यावींत. यांत डॉक्टरांचा अपमान होत नाहीं.

टोचल्यावर निदान अर्धा तास तेथेंच बसावें, कारण बहुतेक गंभीर विकृती या अर्ध्या तासांतच सुरू होतात. ब्रिटनमध्यें याहून अधिक वेळ बसवितात. त्यानंतरहि दोन-तीन तास धांवणें, व्यायाम, ऊन ऊन पाण्याचें स्नान वर्ज्य करावें. विकृती झालीच तर पहिलें औषध ॲड्रेनॅलीन. तें मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूंत द्यावयाचें असतें. ॲलर्जीच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड त्याची जागा घेऊं शकत नाहींत. रोग्याला आडवें निजवून पाय उंच करावेत, एकदम उभें करूं नये; श्वास कोंडत असेल तर मात्र टेकून बसूं द्यावें. 'आपल्याकडे ॲड्रेनॅलीन आहे ना?' हा प्रश्न पहिल्याच भेटींत विचारावा, आणि उत्तर घुटमळत आलें तर दुसरें दार पाहावें.

दम्याच्या रोग्यांविषयीं दोन शब्द अधिक सांगतों, कारण या टोचण्यांनीं जे मृत्यु झाले त्यांत बहुतेक दम्याचेच रोगी होते. दमा आटोक्यांत नसेल तर हा उपाय सुरू करतां येत नाहीं. आणि चालू असतांना एखाद्या दिवशीं छाती भरलेली असेल, तर त्या दिवशींची टोचणी पुढें ढकलावी. ताप असेल त्या दिवशींहि तेंच. रक्तदाबासाठीं किंवा हृदयासाठीं बीटा-ब्लॉकर जातीचीं औषधें चालू असतील तर तें आधीं सांगितलें पाहिजे, कारण त्यांच्यामुळें ॲड्रेनॅलीनचा गुण कमी पडतो. गरोदरपणांत हा उपाय नव्यानें आरंभूं नये.

सुईची धास्ती असलेल्यांसाठीं जिभेखालीं ठेवावयाचे थेंब व गोळ्या निघाल्या आहेत. गवताच्या परागाच्या अशा गोळ्यांना अमेरिकेंत २०१४ सालीं मान्यता मिळाली. यांत गंभीर विकृतीचा संभव पुष्कळच कमी. म्हणून पहिली मात्रा डॉक्टरांसमोर आणि पुढच्या घरीं, असा प्रघात आहे. तोंडांत व कानांत खाज येते, ती बहुधा थोड्या दिवसांत थांबते. तोंड आलेलें असतां किंवा दांत काढला असतां ती घेऊं नये.

पण 'नैसर्गिक' या एका शब्दावर विकला जाणारा मधमाश्यांचा पराग हा या शास्त्रीय अर्काचा भाऊबंद नव्हे. त्यांत कोणत्या फुलांचा किती पराग आहे याला कांहीं माप नसतें, आणि तो खाऊन ॲनाफिलॅक्सिस झाल्याचीं उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत. मधाची गोष्ट निराळी. तो बहुतेकांना निरुपद्रवी आहे, पण त्यांतील पराग मुख्यतः कीटकांच्या फुलांचा. गवताच्या शिंकांवर त्याचा भरवंसा ठेवण्यांत अर्थ नाहीं. बाखच्या पुष्पौषधींत तर पराग मोजून घातलेलाच नसतो, तेव्हां त्यांचा या उपचाराशीं केवळ नांवापुरता संबंध.

शेवटीं काळाचा हिशेब. आरंभीं आठवड्याला एक याप्रमाणें कांहीं महिने मात्रा चढवितात, मग महिन्याला एक. आणि हें निदान तीन वर्षें चालवावें लागतें. १९९९ सालीं लंडनच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, तीन-चार वर्षें गवताच्या परागाच्या टोचण्या घेऊन थांबलेल्यांचा गुण पुढें तीन वर्षें टिकला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत दोनच वर्षें उपचार करून थांबविलें, तर पुढच्या वर्षीं औषध न घेतलेल्यांत आणि त्यांच्यांत फरक उरला नाहीं. म्हणून परीक्षा, लग्नकार्य, प्रवास यांचा विचार आधीं करूनच आरंभ करावा. मध्यें कांहीं आठवडे खंड पडला तर सुटलेल्या मात्रेपासून पुढें जाऊं नये. डॉक्टर मात्रा मागें नेतात, ती नेऊं द्यावी. आणि पूर्ण मात्रेवर एक वर्ष काढूनहि शिंकांत कांहीं उतार पडला नाहीं, तर निदानच पुन्हां तपासून घ्यावें. तीच बाटली आणखी दोन वर्षें चालविण्यांत पैसा जातो आणि धोका तेवढा शिल्लक राहतो.