न दिसणारी गाडी

मुळशीच्या डोंगरपट्ट्यात आषाढधारा कोसळू लागल्या, ताम्हिणीचे धुके खाली उतरले आणि विजेने शिरस्त्याप्रमाणे रजा घेतली, म्हणजे सेलवर चालणारा रेडिओ हेच काय ते नाट्यगृह उरते. अशा रात्री ऐकावे ते भयहास्याचे नाटक. आर्नल्ड रिडले या इंग्रज नटाने लिहिलेले, १९२५ साली लंडनात रंगभूमीवर आलेले ‘द घोस्ट ट्रेन’ हा त्याचा अस्सल मासला होय. आडरानातील स्थानक, खोळंबलेले उतारू, भुताच्या गाडीची दंतकथा सांगणारा स्टेशनमास्तर आणि भलत्या वेळी थट्टा करणारा एक बावळट गृहस्थ! (पुढील रहस्य फोडणे ही आपल्याशी बेइमानी ठरेल.) मौज अशी, की ही गाडी रंगमंचावरही प्रत्यक्ष अवतरत नाही, लाकडी पट्ट्यांवरून बागेतला जड रूळ फिरवून तिचा खडखडाट पडद्याआड उत्पन्न केला जाई. नभोनाट्याची निम्मी तजवीज मूळ प्रयोगातच झालेली होती, म्हणा ना! उलट आपल्या बबन प्रभूंचा ‘झोपी गेलेला जागा झाला’ हा फार्स डोळ्यांपुढच्या धावपळीवर पोसलेला. तो नभोवाणीवर आणणाऱ्यास प्रत्येक धांदल शब्दांत, पावलांत आणि दाराच्या कडीच्या आवाजात नव्याने बांधावी लागते.