विचाराची मात्रा

जुन्या घरांतून तान्ह्या मुलांना मात्रा उगाळून देण्याची पद्धत होती. सहाण तीच, मुळी तीच; परंतु कोणत्या मुलाला किती वेढे द्यावयाचे, हे ठरविण्यात घरातील वडीलधाऱ्या बाईचे शहाणपण दिसून येई. औषध चांगले आहे म्हणून ते भरपूर द्यावे असे तिला कधी वाटले नाही; आणि मूल लहान आहे म्हणून त्याचा आजारही लहानच असेल, असेही तिने कधी गृहीत धरले नाही.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसापुढे आज असाच एक मात्रेचा प्रश्न उभा राहिला आहे. त्याच्या हाताशी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक सहायक आलेला आहे. साध्या भाषेत काम सांगावे, की तो प्रोग्रॅम लिहून देतो, जुन्यातील दोष शोधतो व दुरुस्तीही सुचवितो. उत्तर देण्यापूर्वी या सहायकाने किती विचार करावा, हे ठरविण्याची कळ मात्र माणसाच्या हाती ठेवलेली आहे.

ही कळ आली कशी, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. यंत्राला एकदम उत्तर न विचारता मधल्या पायऱ्या मांडावयास लावल्या, तर गणिताची व तर्काची उदाहरणे ते अधिक बरोबर सोडविते, असे २०२२ साली गूगलमधील संशोधकांनी दाखवून दिले. सप्टेंबर २०२४ मध्ये ओपन-एआय या संस्थेने ‘ओ-वन’ या मालिकेचे पहिले रूप प्रसिद्ध केले. आधी विचार व मग उत्तर, असे वळणच त्याला लावलेले होते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘ओ-थ्री-मिनी’त अल्प, मध्यम व अधिक अशा तीन पायऱ्या होत्या. पुढच्याच महिन्यात अँथ्रॉपिक संस्थेच्या ‘क्लॉड ३.७ सॉनेट’मध्ये विचारासाठी किती खर्च होऊ द्यावा, याची मर्यादा घालून देता येऊ लागली.

खर्च हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. हे यंत्र शब्दांच्या लहान लहान तुकड्यांनी लिहिते, आणि आकारणी त्या तुकड्यांवर होते. विचार करताना मनातल्या मनात लिहिलेले तुकडेही बिलात धरले जातात, मग ते वापरणाऱ्याच्या दृष्टीस पडोत वा न पडोत. शिवाय वेळ जातो तो निराळाच. एखाद्या पडद्यावरील मथळ्यातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारण्यासाठी कळ सर्वांत वरच्या पायरीवर नेणे म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढण्यासारखेच आहे. कधी कधी तर असा अतिविचारी सहायक सांगितलेले सोडून आणखी चार ठिकाणी हात घालतो, आणि ते सारे तपासण्याचे काम माणसाच्या गळ्यात पडते.

मग लहान कामाला अल्प विचार व मोठ्या कामाला अधिक, असा सरळ नियम का करू नये? या नियमाचा फोलपणा दाखविणारी एक खरी हकीकत संगणकाच्या इतिहासातच नमूद आहे.

शब्दकोशात शब्द शोधताना मनुष्य पहिल्या पानापासून वाचीत बसत नाही. तो कोश मध्यावर उघडतो, शब्द अलीकडे की पलीकडे हे पाहतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य काढतो. संगणकातील ‘द्विभाजन शोध’ ही पद्धत नेमकी हीच आहे. तिचा प्रोग्रॅम दहापंधरा ओळींत संपतो. या पद्धतीचे पहिले वर्णन १९४६ साली प्रसिद्ध झाले. परंतु सर्व लांबीच्या याद्यांना लागू पडणारे रूप छापून यावयास १९६० साल उजाडावे लागले. जॉन बेंटली या संगणकशास्त्रज्ञाने हेच काम शंभराहून अधिक व्यावसायिक प्रोग्रॅमरांना करावयास दिले. दोन तासांचा अवधी होता. तरी शंभरातील नव्वदांच्या लिखाणात चूक निघाली.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. १९८६ च्या आपल्या पुस्तकात बेंटलीने ही पद्धत बरोबर असल्याचे युक्तिवादाने सिद्ध करून दाखविले होते. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले, की त्या लिखाणातही एक दोष आहे, आणि त्यांनी स्वतः जावा भाषेच्या ग्रंथालयासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तोच दोष सुमारे नऊ वर्षे दडून बसला होता. मध्य काढण्यासाठी दोन टोकांचे क्रमांक मिळवून त्यांची निमपट केली जाई. परंतु त्या भाषेतील साधी पूर्णांक संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. यादी सुमारे १०७ कोटींहून मोठी झाली, की ती बेरीज मर्यादा ओलांडी व उत्तर ऋण येई. एवढ्या मोठ्या याद्या पूर्वी कोणी वापरीत नव्हते, म्हणून दोष दिसला नव्हता इतकेच.

या हकीकतीतून दोन गोष्टी ध्यानात येतात. ओळी थोड्या म्हणून काम सोपे, असे नसते. आणि विचाराला वेळ पुष्कळ दिला, म्हणून उत्तर बरोबर येईलच, असेही नसते. यादी किती मोठी होणार आहे, हे प्रोग्रॅमच्या ओळींत लिहिलेले नव्हते. ते बाहेरच्या जगात होते. जी माहिती सहायकाला दिलीच नाही, तिची उणीव कळ वर चढवून भरून निघेल, असा भरवसा धरता येत नाही.

म्हणून कळीला हात लावण्यापूर्वी स्वतःलाच दोन प्रश्न विचारणे इष्ट ठरते. चूक झाली तर ती कोणाला भोवेल? आणि ती लवकर नजरेस येईल काय? एखाद्या पतसंस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम घ्यावा. पडद्यावर ‘ठेवीदार’ हा शब्द अशुद्ध पडला, तर तो सकाळी पहिल्याच माणसाला दिसेल. तेथे अल्प विचार पुरे. नेहमीच्या धाटणीचा नवा अहवाल हवा असेल, तर मध्यम मात्रा योग्य. परंतु व्याजाच्या गणितात पैशाचा अपूर्णांक कोठे सोडावयाचा, दोन कारकुनांनी एकाच क्षणी एकच खाते उघडले तर काय व्हावे, जुन्या नोंदी नव्या साच्यात नेताना एखादी गळत तर नाही ना, येथे चूक मुकाट्याने घर करते. पासबुकावर विश्वासून असलेल्या निवृत्त शिपायाला ती कधी कळणारही नाही. तेथे पाच मिनिटे अधिक थांबावे, चार पैसे अधिक मोजावे, आणि हाती आलेले उत्तर वेड्यावाकड्या उदाहरणांवर पारखूनही घ्यावे.

एकच दोष दोनदा सांगूनही सुधारला नाही, तर तीच आज्ञा तिसऱ्यांदा देण्यात अर्थ नसतो. प्रथम प्रश्न नीट मांडावा, मग पायरी वाढवावी. आणि ते काम उरकले, की कळ पुन्हा खाली आणावयास विसरू नये.

यंत्र आता दीर्घकाळ विचार करू शकते, ही मोठीच सोय झाली. परंतु सहाणेवर वेढे मोजणारी ती बाई आधी मुलाच्या अंगाला हात लावून पाहत असे. त्या निवृत्त शिपायाचे पासबुक डोळ्यांपुढे आणून मात्रा ठरविण्याचे काम मात्र अजून माणसाचेच आहे.