गाण्याचा सातबारा



श्रावण लागला की माझा फोन सकाळी साडेसहालाच वाजायला लागतो. इकडं दूध उतू चाललेलं असतं आणि पलीकडून कुणीतरी विचारतं, "ताई, मंगळवारी मोकळ्या आहात का? सोसायटीत मंगळागौर आहे. किती घेता?" मी बचत गटांची समन्वयक. पण आमच्या एका गटाचा व्यवसाय शेवया-पापडांचा नाही, गाण्याचा आहे. त्यामुळं गेली सहा वर्षं मीही अर्धी या धंद्यातच आहे.

बाराजणी आहेत. श्रावणात मंगळागौरीचे खेळ, गौरींना झिम्मा-फुगडी, नवरात्रात भोंडला, लग्नसराईत हळदीची गाणी. सुपारी साधारण पाच हजारांची. त्यातून जीप, पेटीवाल्याचं मानधन, माईकवाला, असं सगळं भागवलं की एकेकीच्या हाती दोनशे-अडीचशे पडतात. आगाऊ रक्कम आल्याशिवाय जीप ठरवायची नाही, हे दोनदा ठेच लागल्यावर कळलं. "तुम्ही हौसेनं गाता ना, मग पैसे कशाला?" असं विचारणारेही भेटतात. मांडववाल्याला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पण आज मला सांगायचंय ते एका कागदाबद्दल.

आमच्या गटात एक मावशी आहेत, पासष्टीच्या. शाळा चौथीपर्यंत. भाकरी थापता थापता त्यांना गाणी सुचतात. टँकरमागं कळशी घेऊन पळणाऱ्या सुनेचं त्यांचं एक गाणं आहे. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावाहून एक स्टुडिओवाला आला. "फुकट रेकॉर्ड करतो, यूट्यूबवर टाकतो, तुमचं नाव होईल," म्हणाला. स्टॅम्प पेपर पुढं केला. तो कागद मी वाचला. म्हणजे वाचल्यासारखं केलं. 'सर्व हक्क' असं काहीतरी त्यात होतं. मावशींनी माझ्याकडं बघितलं, तर मी म्हणाले, "करा सही, काही नसतं त्यात." बी.ए. झालेली बाई मी.

यंदा वैशाखात एका हळदीला डीजेवर तेच गाणं लागलं. खाली नुसतं धडधड संगीत. मावशी आधी हरखल्याच, "अगं बया, माझं गाणं!" मग नातीनं मोबाइलवर शोधून दाखवलं. संगीतकार म्हणून भलत्याच माणसाचं नाव आणि गीताच्या पुढं लिहिलेलं, 'पारंपरिक'. मावशींनी मला विचारलं, "पारंपरिक म्हंजी मेलेल्या बायांचं ना? मी तर जिती हाय."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पुढं आणखी कहर झाला. आम्ही तेच गाणं अंगणात बसून गायलो, मोबाइलवर घेतलं आणि गटाच्या चॅनलवर टाकलं. दोन दिवसांत नोटीस आली, या व्हिडिओवर स्टुडिओचा कॉपीराइट दावा आहे. मावशींच्या अंगणात मावशींचं गाणं, आणि दावा दुसऱ्याचा!

मग मी तो कागद काढून नीट वाचला, तीन वर्षं उशिरा. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं गेले. मैत्रिणींनो, बाईला तिथं मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. वकीलबाईंनी जे उलगडून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. जमिनीचं असतं तसंच गाण्याचंही. शब्द एकाचे, चाल एकाची, आणि रेकॉर्डिंग ज्यानं खर्च करून केलं त्याचं. तीन वेगळे हक्क. स्टुडिओचं रेकॉर्डिंग स्टुडिओचं, ते आम्हाला मागता येत नाही. पण शब्द आणि चाल ज्यानं रचली त्याची असते, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क लिहून दिले तरी किती वर्षांसाठी ते कागदावर नसेल, तर कायदा पाचच वर्षं धरतो. आमच्या कागदावर मुदत नव्हतीच. म्हणजे अजून दोन वर्षं. शिवाय २०१२ साली कायद्यात बदल झाला, तेव्हापासून रॉयल्टीतला निम्मा वाटा गीतकार-संगीतकाराला सही करूनही सोडून देता येत नाही. आणि कलम ५७ सांगतं, हक्क विकले तरी 'हे माझं आहे' असं म्हणायचा अधिकार रचणाऱ्याकडंच राहतो.

हे शेवटचं ऐकल्यावर मावशी म्हणाल्या, "मग तेवढंच करा आधी."

पारंपरिक म्हटलं तरी नाव गाळायचं कारण काय? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवी तर पिढ्यान्‌पिढ्यांची, तरी ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत लिहिलेलं आहे. हे करता येतं, करणाऱ्यांनी केलंय.

आम्ही यूट्यूबवर दाव्याला हरकत घेतली. शब्द कुणाचे, चाल कुणाची, व्हिडिओ कुठं घेतला, सगळं मराठीत लिहून भाचीकडून इंग्रजी करून घेतलं. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. मी रोज रात्री झोपताना मोबाइल बघायची. सव्विसाव्या दिवशी दावा निघाला. वकीलबाईंचं पत्र स्टुडिओला गेलं होतं, त्यानंतर त्यांच्या व्हिडिओखाली 'गीत व चाल' म्हणून मावशींचं नाव आलं. आडनाव चुकलेलंच आहे. मावशींनी ते नातीकडून तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "आडनाव सासरचं हाय, चुकलं तर चुकू दे." मी मात्र दुरुस्तीचा मेल टाकलाय. पैशाचं म्हणाल तर अजून रुपया आलेला नाही. दुसरं पत्र तयार आहे. गीतकार-संगीतकारांची मुंबईची आयपीआरएस नावाची संस्था आहे, तिच्या सभासदत्वाचा अर्जही मावशींसाठी भरायला घेतलाय.

आता मासिक बैठकीत बचतीच्या वहीशेजारी दुसरी एक वही असते. नवं गाणं झालं की पूर्ण उतरवायचं, तारीख घालायची, रचणारीची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. मोबाइलवर एकदा गाऊनही ठेवायचं. गेल्या बैठकीत मावशींनी नवं गाणं आणलं, डीजेवरचं! बायका हसून हसून बेजार झाल्या. सही करायच्या आधी मावशींनी वही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, "वाच आधी. मोठ्यांदी वाच."

मी वाचलं. मग त्यांनी सही केली.